कॅमेऱ्यामागचा माणूस

कुरुळीच्या गोरक्षनानांसमोर साक्षात देव प्रसादाची पिशवी घेऊन उभा राहिला असता, तरी नानांनी आधी पिशवीचा तळ चाचपला असता आणि मग हात जोडले असते. त्यात देवाचा अपमान करायचा हेतू मुळीच नसता. नानांचा हातच तसा वळलेला होता. चाकण रस्त्यावरच्या एका कंपनीच्या गेटवर ते सिक्युरिटीत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कंपनी उभी होती ती जमीन एके काळी त्यांचीच. बाप त्या शिवारात गोफण घेऊन बाजरी राखायचा, लेक त्याच जागी काठी घेऊन गेट राखत होता. पाखरांच्या जागी माणसं आली, एवढाच काय तो फरक.

जमीन गेली त्यातून घर झालं, घरामागं भाड्याच्या खोल्यांची ओळ झाली आणि नानांना गेटवरची नोकरी लागली. नोकरी त्यांना अशी मानवली की विचारू नका. एकदा एका माणसाच्या डब्यात, भाताच्या खाली, मशिनीचा पितळी बुश सापडला. कंपनीनं नानांचा शाल घालून सत्कार केला. त्या दिवसापासून नानांचा जगातल्या कुठल्याच भातावर विश्वास राहिला नाही. लग्नात अक्षता वाटणाऱ्याच्या मुठीकडंसुद्धा ते टक लावून बघत. भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी फुकट दिली, तर ‘का दिली असेल’ या विचारात त्यांचं जेवण गार व्हायचं.

हे सगळं गेटवर शोभून दिसत होतं. पण नाना वर्दी खुंटीला टांगायचे आणि गेट तेवढं अंगावर घालून घरात वावरायचे. त्याचा त्रास सोसायला घरात एकच माणूस होतं, त्यांची बायको भागूबाई. लेक हर्षाली लग्न होऊन सांगवीला गेली होती. जाताना तिनं आईला टचचा फोन घेऊन दिला, म्हणजे रोज एकमेकींची तोंडं दिसतील. नानांनी तो फोन दोन दिवस लांबून बघितला आणि तिसऱ्या दिवशी कंपनीतून दोन लाल स्टिकर घेऊन आले. आत फोटो काढता येऊ नयेत म्हणून गेटवर प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर असा स्टिकर लावायचा नियम आहे. काढायला गेलं तर तो फाटतो आणि पुन्हा चिकटत नाही, म्हणजे चोरी लगेच उघडी पडते. नानांनी एक स्टिकर फोनच्या पुढं लावला, एक मागं.

“आजकाल फोनमधनं कोन कुठनं बघंल, नेम न्हाई,” ते म्हणाले.

भागूबाई तशीही कमी बोलायची. संध्याकाळी लेकीचा फोन आला. “आई, तू दिसतच नाहीस गं, नुसतं लाल दिसतंय,” असं हर्षाली म्हणाली तेव्हा भागूबाईनं “फोन बिघडलाय” एवढंच सांगितलं. नाना रोज घरी आले की चहाच्या आधी तो फोन हातात घेऊन स्टिकर धड आहेत का ते बघायचे आणि मग कपाळावरची आठी सैल करायचे.

असं सगळं नीट चाललेलं असताना संक्रांतीनंतर एक गोष्ट नानांच्या नजरेत आली. भिंतीवरचं घड्याळ मागं पडायला लागलं होतं.

रोज पडत नव्हतं. नाना सेकंड शिफ्टला असले, सकाळभर घरात असले, की घड्याळ बिनचूक चालायचं. फर्स्ट शिफ्ट करून दुपारी घरी आले, की अधूनमधून अर्धा-पाऊण तास मागं. भागूबाईच्या ते गावीही नव्हतं, कारण तिचा दिवस कंपनीच्या भोंग्यावर चालायचा. घड्याळाकडं ती मान वर करून बघत नसे. नानांनी नवा, चांगल्यातला महाग सेल आणून घातला. तरी तेच. आता घड्याळ झालं म्हणून काय शिफ्ट बघून बंद पडतं? कुठंतरी पाणी मुरतंय, हे नानांनी ओळखलं.

एके दिवशी दुपारी भागूबाई दळणाला गेली आणि नानांनी स्वतःच्याच घराची झडती घ्यायला घेतली. डबे झाले, देव्हारा झाला, पेटी झाली. शेवटी वाकळांच्या घडीत हात घातला तेव्हा काहीतरी टणक लागलं. खणाच्या तुकड्यात गुंडाळलेला कॅमेरा. हर्षालीनं कॉलेजात असताना हट्टानं घेतलेला, डिजिटल. हाताच्या पंजात मावणारा. तो कधीच मोडीत गेला असं नाना धरून चालले होते.

त्यांनी खालचं झाकण उघडलं. आत दोन सेलांची जागा, आणि दोन्ही रिकाम्या. मग गेटवरचं डोकं चालायला लागलं. दोन सेल कुठून येतील? एक भिंतीवरच्या घड्याळात. दुसरा? त्यांनी आपली रात्रपाळीची टॉर्च उघडली. तिचं झाकण हल्ली ढिलं लागत होतंच. दोन्हीकडचा एकेक सेल काढून कॅमेऱ्यात घातला तसा कॅमेरा टुणकन जागा झाला.

आत भागूबाईचे फोटो होते.

लेकीच्या लग्नात नेसली होती ती जांभळी साडी, मागं बाहेरच्या खोलीची निळी भिंत. पहिल्या काही फोटोंत डोकंच कापलेलं होतं, नुसती साडी आणि हात. एकात ती हलली होती. पण शेवटच्या दोन-तीन फोटोंत भागूबाई अख्खी होती, आणि हसत होती. दात दिसतील असं, डोळे बारीक करून, गालावर खळी पाडून. तिच्या गालावर खळी पडते हे नाना साफ विसरून गेले होते. क्षणभर त्यांना वाटलं, बाई काय देखणी आहे! आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, ही हसतीये कुणाकडं बघून?

दोन्ही हात फोटोत दिसत होते, म्हणजे फोटो तिनं काढलेला नाही. आणि कॅमेरा म्हटला की त्यामागं माणूस आलाच. नानांना कॅमेरे ठाऊक नव्हते असं कोण म्हणेल? गेटवर चार-पाच कॅमेरे लटकलेले होते, आणि त्या प्रत्येकामागं, तिकडं कंट्रोल रूममध्ये, कुणीतरी खुर्ची टाकून बसलेलं असायचं. मागं माणूस नसलेला कॅमेरा त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

त्यांनी फोटो पुन्हा नीट न्याहाळले. फोटो खालून वर काढलेले दिसत होते, कमरेच्या उंचीवरून. म्हणजे काढणारा बुटका. डोकी कापली गेलेली, म्हणजे नवशिका. नाना फर्स्टला असताना घरी येणारा बुटका, नवशिका माणूस. एवढा माल हातात आल्यावर नानांनी कॅमेरा होता तसा खणात गुंडाळला, सेल जिथल्या तिथं घातले आणि भागूबाई दळण घेऊन आली तेव्हा तिच्या डोक्यावरचा डबा उतरवून घेतला. गेटवरचा नियमच होता, चोर रंगेहाथ सापडेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

तरी न राहवून त्यांनी लेकीला फोन लावला.

“हर्षाली, तुझा त्यो जुना कॅमेरा कुठं असतोय गं?”

“आईला दिला की, नाना. दिवाळीत आले होते तेव्हाच. का हो? काही अडलंय का? त्यात काय काय करता येतं ते मी आईला…”

“न्हाई, न्हाई. सहज इचारलं,” म्हणून नानांनी घाईघाईनं फोन ठेवला. लेकीला एक वाक्य पुरं करू दिलं असतं, तर पुढचं सारं टळलं असतं. पण संशयी माणूस प्रश्न विचारतो तो उत्तरासाठी नसतो.

आता बुटका माणूस शोधायला नानांना गावभर फिरायची गरज नव्हती. घरामागच्या ओळीतल्या शेवटच्या खोलीत किसन राहत होता. परभणीकडचा. एका छोट्या वर्कशॉपात वेल्डिंग करायचा. चाळिशीला टेकलेला, गरीब, आणि उंचीनं नानांच्या खांद्याला लागणारा. नाना फर्स्टला असले की किसन सेकंडला, म्हणजे दुपारपर्यंत खोलीवरच. शिवाय भागूबाईनं लसणाची चटणी केली की वाटीभर त्याच्याकडं जायची आणि तो “काकूच्या हाताला चव आहे” म्हणून चारचौघांत सांगायचा. आजवर ही नुसती चटणी होती. आता तो पुरावा झाला.

नाना दुसऱ्या दिवशी “वायरिंग बघायचंय” म्हणून त्याच्या खोलीत शिरले. वायरिंग सोडून सगळं बघितलं. उशाशी एक पुठ्ठ्याचा खोका होता. नानांनी तो उघडला. आत हिरव्या बांगड्या.

किसन लाजला. “घरवालीसाठी घेतल्यात, मालक. पोरीची परीक्षा झाली की दोघींना इकडंच आनायलो. तिकडं एकट्या ऱ्हायल्यात.”

न विचारता एवढी माहिती देणारा माणूस गेटवर भेटला असता, तर नानांनी त्याला आधी बाजूला घेतला असता. त्यांनी खोका बंद केला.

“खोली खाली कर. उद्या.”

“कामून, मालक? मी काय केलो? भाडं तं टायमावर द्यायलो.”

“पाव्हनं येनारेत.”

“पंधरा दिवस तरी द्या. आता कुठं शोधू?”

“उद्या,” नाना म्हणाले.

किसन खरोखर दुसऱ्या दिवशी निघाला. भांडणारा माणूस असता तर बरं झालं असतं. निदान नानांना आपण बरोबर आहोत असं वाटलं असतं. पण तो मुकाट गाठोडं खांद्यावर टाकून अंगणातून चालला, आणि नानांनी त्याला फाटकाशी थांबवलं.

“सोड गाठोडं.”

किसननं एकवार त्यांच्याकडं बघितलं, खाली बसला आणि गाठ सोडली. दोन पँटी, अंथरूण, तवा, पातेली, तो पुठ्ठ्याचा खोका. भागूबाई दारात उभी होती. ओळीतल्या बाकीच्या खोल्यांतूनही माणसं बाहेर आली होती. नानांनी एकेक वस्तू उलटसुलट करून बघितली आणि “जा” म्हणाले. गाठोडं पुन्हा बांधायला किसनला फार वेळ लागला.

तो गेल्यावर भागूबाईनं विचारलं, “काय केलं हो त्येनं?”

“तुला लई कळवळा आला?”

“मानूस सरळ व्हता, म्हनून इचारलं,” असं म्हणून ती आत गेली. नानांनी ते वाक्यही मनात जपून ठेवलं, पुढंमागं उपयोगी पडेल म्हणून.

मग सेकंड शिफ्टचा आठवडा गेला. पुन्हा फर्स्ट आली. मंगळवारी नाना घरी आले, फोनचे स्टिकर बघितले, मान वर केली, आणि पायातला बूट तसाच राहिला. घड्याळ मागं पडलं होतं.

भागूबाई पाणी आणायला गेली तेवढ्यात त्यांनी कॅमेरा काढला. नवे तीन फोटो. तीच साडी, तीच भिंत, तसंच हसणं. किसन तर आता कुरुळीत नव्हता. साप साप म्हणून भुई धोपटली, असं एखाद्याच्या मनात आलं असतं. नानांच्या मनात आलं, की साप वेगळाच आहे. दूधवाला, सिलिंडरवाला, केबलवाला. नाना रस्त्यानं जाताना समोरच्या पुरुषाची उंची डोळ्यांनी मापायला लागले. गावात बुटक्यांची काही कमी नव्हती. जेवण जाईना. भागूबाई ताट वाढायला वाकली की ते तिच्या गालाकडं बघत, आणि तिथं खळी नसे. म्हणजे ती खळी दुसऱ्या कुणाची होती. या विचारानं त्या धिप्पाड माणसाला अंघोळ करताना एकदा चक्क रडू आलं. बायको गेली तर आपण उघडे पडू, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

मार्चच्या सुरुवातीला कंपनीत सेफ्टी वीक आला. गेटला झेंडे लागले, सगळ्यांच्या छातीवर हिरव्या फिती लागल्या. सिक्युरिटीवाल्यांचा एक ग्रुप फोटो बोर्डावर लावायचा होता. धम्मरत्न त्यांचा सुपरवायझर. पिंपरीचा, कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा, हसरा माणूस. फोन कुणालाच वापरता येत नसल्यानं तो ऑफिसातला डिजिटल कॅमेरा घेऊन आला.

“चला राव, सगळे या. नाना, तुम्ही सीनियर, मध्ये उभे राहा.”

“फोटो काढनार कोन?”

“मीच. आणि मीपण फोटोत येणार.”

हे कसं काय, हे नानांना उमगायच्या आत धम्मरत्ननं एका स्टुलावर क्रेट पालथा घातला, त्यावर कॅमेरा ठेवला, वाकून काहीतरी दाबलं आणि धावत येऊन नानांच्या शेजारी उभा राहिला. कॅमेऱ्याच्या तोंडावर लाल दिवा उघडझाप करायला लागला. टीक, टीक, टीक. समोर कॅमेरा आणि त्याच्यामागं कुणी नाही. पलीकडं नुसता मोकळा रस्ता. नानांच्या अंगावर काटा आला. बेवारस वस्तू दिसली की करायचं तेच त्यांनी केलं, हात वर करून पुढं झाले आणि ओरडले, “ए, त्येच्याजवळ कोन हाय?”

सगळे खो खो हसले आणि त्याच वेळी कॅमेरा चमकला. फोटोत बारा माणसं पोट धरून हसताहेत आणि मधोमध नाना ट्रक अडवल्यासारखे उभे आहेत, असा तो फोटो आला.

“टायमर आहे, नाना,” धम्मरत्न डोळे पुसत म्हणाला. “सेल्फ टायमर. बटण दाबायचं आणि समोर जाऊन उभं राहायचं. थोड्या वेळानं तो आपला आपण काढतो.”

“म्हंजी मागं कोनच नसतंय?”

“कुणीच नाही.”

“एकट्या मानसाला सोताचा काढता येतोय? अख्खा? हातबीत दिसत्यात तसा?”

“एकट्या माणसासाठीच तर केलंय ते, राव.”

नाना खुर्चीत जाऊन बसले. कमरेच्या उंचीवरचा फोटो, म्हणजे स्टूल आणि त्यावर पिठाचा डबा. डोकी कापली गेली, कारण उभं राहणाऱ्याला स्वतःचं डोकं बघता येत नाही. सगळं जिथल्या तिथं बसत होतं. इतके दिवस ज्या माणसाचा ते शोध घेत होते, तो माणूसच नव्हता. त्यांना हायसं वाटलं, अगदी अंगभर वाटलं, आणि ते वाटणं पुरतं मुरायच्या आत अंगणात गुडघ्यांवर बसून गाठ सोडणारा किसन डोळ्यांपुढं आला. नानांना आपल्या हिरव्या फितीचीसुद्धा लाज वाटली.

दुपारी घरी आले तेव्हा भागूबाई मेथी निवडत बसली होती. नानांनी फोन बघितला नाही, चहा मागितला नाही. वाकळांतून कॅमेरा काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

“ह्यो तू सोताच काढतीस?”

भागूबाईनं कॅमेऱ्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. घाबरल्यासारखी झाली, पण क्षणभरच. “व्हय. हर्षालीनं शिकवलंय.”

“कशापायी?”

ती थोडा वेळ मेथीच्या काड्याच मोडत राहिली. “गोजाबाईंचा फोटो बघितलात न्हवं, थोरल्या घरात?”

गोजाबाई म्हणजे नानांची थोरली भावजय. दिवाळीच्या आधी वारली होती. तिचा हार घातलेला मोठा फोटो नानांनी बघितला होता.

“त्यो तिचा फोटो न्हाई,” भागूबाई म्हणाली. “उभ्या जन्मात तिचा एक धड फोटो कुनी काढला न्हवता. मग स्टुडिओवाल्यानं आधारकार्डावरचं तोंड घेतलं आन् दुसऱ्याच कुठल्या बाईच्या धडावर बसवलं. हिरवा शालू, हातात सोन्याच्या पाटल्या. तेराव्याला हार घालताना मी हात बघितलं. जाऊबाईच्या उजव्या हातावर विळ्याचा एवढा मोठा वण व्हता. त्यो न्हाई. समदी मानसं परक्या बाईच्या पाया पडत व्हती. मला लई वाईट वाटलं. म्हनलं, आपला एक असावा. माझंच तोंड, माझंच हात.”

“मग फोनवर…” नाना बोलायला गेले आणि जीभ चावून गप्प बसले. फोन तिथंच फळीवर होता, दोन्हीकडून लाल.

“घड्याळाचा सेल म्या काढला की न सांगता, ती माझी चूक,” भागूबाई म्हणाली. मग तिचे हात थांबले. सेलाचं नाव निघताच नानांची नजर खाली का गेली, हे तिच्या ध्यानात येत होतं. “तुमी ह्यो कॅमेरा आधीच बघितला व्हता?”

नानांनी होकारार्थी मान हलवली.

“कधी? किसनच्या आधी?”

मेथीचं ताट बाजूला सारून ती उठली. इतक्या वर्षांत तिचा असा आवाज नानांनी ऐकला नव्हता. “माझ्यावर? ह्या वयात? आन् त्या लेकुरवाळ्या मानसावर? तुमाला काय वाटलं, मी कोन हाय?” तिनं अंगणाकडं हात केला. “मला वाटलं त्येचं काय तरी चुकलं आसंल. मी गप बसले. माझ्यामुळं गेला त्यो, आन् मी दारात उभी राहून बघत व्हते.”

“चुकलं माझं.”

“मला काय सांगताय? त्येला लावा फोन. माझ्यासमोर. आवाज मोठा करून.”

नानांनी फोन लावला. पलीकडं मशिनींचा खडखडाट होता.

“किसन, मी गोरक्ष बोलतोय. माझं चुकलं बाबा. माझ्या डोक्यात भलतंच भरलं व्हतं. खोली तुझीच हाय. ये माघारी.”

“ऱ्हाऊ द्या, मालक. मिळाली मला दुसरीकडं. निघोज्यात.”

“कशी हाय?”

“पाचजन हौत एका खोलीत.”

“मग घरची मानसं कशी आननार?”

“त्यांना सांगितलो, यंदा नका येऊ म्हनून.”

“आरं, मग इकडंच ये की! भाडंसुदिक देऊ नगंस सहा म्हैनं.”

“भाड्याचं न्हाई, मालक.” किसनचा आवाज शांत होता. “तुमी समद्यांसमोर माझं गाठोडं सोडायला लावलात. आता त्याच अंगनात बायकोला घेऊन कसं येऊ? काकूला नमस्कार सांगा.” आणि फोन बंद झाला.

मेथीवर माशी बसली होती, ती भागूबाईनं हाकलली. खूप वेळानं नाना म्हणाले, “तुझा फोटो आला का मनासारखा?”

“न्हाई अजून. कधी डोळं मिटत्यात, कधी पदर सरकतोय. मागल्या तिनातला एक बरा हाय, पर हात दिसंना त्यात.”

“मी काढतो. नीट काढतो. दे.”

भागूबाईनं त्यांच्याकडं बघितलं. नाही म्हणावं असं तिच्या मनात होतं, ते दिसतही होतं. पण ती आत गेली, जांभळी साडी नेसून आली आणि निळ्या भिंतीपुढं उभी राहिली. नानांनी सेल घातले आणि कॅमेरा दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला.

काचेच्या त्या लहानशा चौकोनात भागूबाई होती. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले, मान किंचित खाली, नजर कॅमेऱ्यावर पण तिथं न थांबणारी. नाना तो चेहरा ओळखत होते. गेटवर रोज शेकड्यांनी बघत होते. पिशवीत काही नसलेला माणूस पिशवी उघडून समोर धरतो, तेव्हा त्याचा चेहरा असा असतो.

“हास की जरा,” नाना म्हणाले.

भागूबाईनं ओठ ताणले. गाल हलले, पण खळी पडली नाही.

“आगं, त्या फोटुत हसलीस तशी.”

“तवा समोर कोन न्हवतं,” ती म्हणाली. टोमणा म्हणून नाही. खरं होतं ते सांगितलं.

नानांनी कॅमेरा खाली घेतला. मग स्टूल ओढून आणलं, त्यावर पिठाचा डबा ठेवला, डब्यावर कॅमेरा ठेवला आणि विचारलं, “असाच ठिवतीस न्हवं?”

“व्हय. जरा डावीकडं.”

त्यांनी तो जरा डावीकडं सरकवला, बाहेर आले आणि दार आपल्या हातानं ओढून घेतलं. अंगणात ऊन होतं. शेवटच्या खोलीच्या कडीला कुलूप लटकत होतं. नाना दाराकडं पाठ करून उभे राहिले. आतून टीक टीक ऐकू आलं, मग थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. एकदा पैंजण वाजल्यासारखा काहीतरी आवाज आला. ते हसणं होतं की बांगड्या, हे कळलं नाही.

तिनं आपण होऊन दाखवला तरच तो फोटो बघायचा, वाकळांत हात घालायचा नाही, असं त्यांनी तिथं उभ्या उभ्या ठरवलं. पण उद्या ती दळणाला गेली आणि घरात आपण एकटे उरलो, तर हे आपल्याच्यानं पाळलं जाईल का? नानांनी मनाशी विचार करून बघितला. खात्री वाटेना.